नऊ नंबरची कोरी नळी

म्हात्रे बाईंबद्दल रोह्यात दोन गोष्टी सांगतात. एक अशी, की एका बुडालेल्या मुलीचा जीव त्यांनी काचेच्या नळीत धरून ठेवला होता. दुसरी अशी, की आपलं नाव व्हावं म्हणून त्यांनी त्या मुलीच्या मरणाचं नाटक केलं. पहिली गोष्ट बायका सांगतात, आवाज खाली आणून. दुसरी पुरुष सांगतात, चहाच्या टपरीवर, हसत. यंदा माघात बाई पेणला वारल्या. शाळेत शोकसभा झाली, आणि सभा संपल्यावर पायऱ्यांवर चपला शोधताना या दोन्ही गोष्टी मी पुन्हा ऐकल्या.

त्या शाळेत मी एकतीस वर्षं होतो. शेवटची दोन वर्षं मुख्याध्यापक होतो. ती जागा खरी बाईंची. मला ती कशी मिळाली हे मी बारा वर्षं कोणाला सांगितलं नाही, आणि जेव्हा सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. आता मला सत्तरावं लागलं आहे. जे माहीत आहे ते लिहून ठेवतो.

बाई ठेंगण्या, काटक, उन्हाने रापलेल्या. पेणच्या खाडीकाठच्या गावातल्या, वडील मिठागरावर राबणारे. सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला यायच्या. खांद्यावरच्या पिशवीत डबा, एखादं फळ आणि मिठाची पुरचुंडी. पाकिटातलं मीठ त्या प्रयोगाला वापरत नसत. म्हणायच्या, "त्यात काय मिसळलंय ते त्या कंपनीला ठाऊक. हे माझ्या बापाने वाळवलंय. ह्यात काय आहे ते मला माहीत आहे."

दुसऱ्या हातात कधीकधी थर्मोकोलचा खोका असायचा. स्पिरिट गार करायला बर्फ लागायचा आणि तो त्या स्टेशनबाहेरच्या मासळीवालीकडून घ्यायच्या. सगळ्या शिक्षकखोलीत वास सुटायचा.

"बाई, आज डीएनए की बोंबील?" आम्ही विचारायचो.

"आत्तापर्यंत तरी डीएनए," त्या म्हणायच्या.

हे 'आत्तापर्यंत तरी' त्यांच्या तोंडी कायम. गाडी आली का, साहेब गेले का, तुमची तब्येत बरी का, सगळ्याला तेच उत्तर. लग्न का नाही केलं असं एका नव्या शिक्षिकेने विचारलं, तेव्हाही तेच. बाई तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या.

वर्गात मुलांना त्या नावाने हाक मारत आणि अरे-अगं करत. पण प्रयोग सुरू झाला की त्याच मुलांना अहो-जाहो करायच्या. "अहो पाटील, काय दिसतंय ते सांगा. काय दिसायला हवं ते सांगू नका." नववीतलं शेंबडं पोरगं एकदम ताठ उभं राहायचं.

त्यांचा गाजलेला प्रयोग पपईचा. पपई कुस्करायची, मिठाच्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे थेंब टाकून त्यात कालवायची, मलमलीच्या फडक्यातून गाळायची. ते केशरी पाणी नळीत घ्यायचं आणि नळीच्या कडेने बर्फगार स्पिरिट इतकं हळू सोडायचं, की खाली पाणी आणि वर स्पिरिट असे दोन थर वेगळे राहावेत. तेवढा वेळ बाई पंखा बंद करायच्या. छत्तीस मुलं श्वास धरून बसायची. मग दोन थरांच्या मधल्या रेषेतून काहीतरी पांढरं उठायला लागायचं. आधी धुकं, मग धुक्यात तार, मग तारांचा गुंता. तो स्वतःच वर यायचा, सावकाश, खालून कोणी दोर सोडत असल्यासारखा. मी विज्ञानाचा नाही, मी भूगोल शिकवायचो. पण तो प्रयोग मी खिडकीतून पुष्कळदा पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी मानेवर काटा आला आहे. ज्यात पपईचं झाड कसं असावं हे लिहिलेलं असतं ते हे, असं बाई सांगायच्या. मुलं विचारायची, "बाई, हे जिवंत आहे?" बाई म्हणायच्या, "नाही. पण मेलेलंही म्हणता येत नाही."

आता कोरी नळी म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

प्रत्येक प्रयोगात बाई एक नळी अशी ठेवायच्या, की जिच्यात बाकी सगळं असेल, मीठ, साबण, पाणी, स्पिरिट, फक्त फळ नसेल. तिच्यात काही यायला नको. आलं, तर बाकीच्या नळ्यांत जे आलं ते फळाचंच आहे असं म्हणता येत नाही. "कोरी नळी ठेवली नाही तर तो प्रयोग नव्हे, स्वयंपाक," असं त्या म्हणायच्या. इथपर्यंत सगळे विज्ञान शिक्षक करतात, किंवा करायला हवं. पण बाईंची एक रीत होती. सुताराकडून त्यांनी लाकडी स्टँड करून घेतलं होतं, अठरा अठरा भोकांच्या दोन ओळी, प्रत्येक भोकाखाली रंगाने हजेरी क्रमांक. प्रत्येक मुलाची नळी त्याच्या नंबरात. त्या दिवशी जे मूल गैरहजर असेल, त्याची नळी कोरी. सकाळच्या हजेरीनंतर बाई ती स्वतः भरून ठेवायच्या. प्रयोगाच्या शेवटी स्पिरिट ओतण्याआधी त्या मुलाचं नाव घ्यायच्या, क्षणभर थांबायच्या, जणू उत्तर येईल. मग "गैरहजर" म्हणायच्या आणि ओतायच्या.

"जो आलेला नाही, तो आपला साक्षीदार," असं त्या मुलांना सांगायच्या.

एकदा सगळेच्या सगळे छत्तीस हजर होते. बाईंनी प्रयोगच केला नाही. तास मराठीच्या बाईंना देऊन टाकला.

माझं त्यांच्याशी बिनसलं ते वजनांच्या पेटीवरून. प्रयोगशाळेच्या तराजूची पितळी वजनं पेटीसकट नाहीशी झाली. मी तेव्हा पर्यवेक्षक होतो, जबाबदारी माझी. खांब गावाच्या बाजूला एक भगत होता, हरवलेलं सांगायचा. शिपाई काशिनाथच्या सांगण्यावरून मी त्याला बोलावलं. शाळेतल्या सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची, गोल मांडायच्या, तो वर तांदूळ टाकणार आणि ज्या चिठ्ठीवर दाणे पडतील ती उचलणार. बाईंनी फक्त एवढंच म्हटलं, "माझी एक चिठ्ठी वाढवा." आणि लिहिलं, बबन रामा शेडगे.

भगताने तीनदा तांदूळ टाकले. तीनही वेळा बबन.

"तापट मानूस हाय," भगत म्हणाला. "डाव्या पायानं लंगडतो. पेटी त्याच्या घरात हाय, चुलीच्या मागं."

"घर कुठे त्याचं?" बाईंनी विचारलं.

"नदीच्या अंगाला."

"हा माणूस नाहीच," बाई म्हणाल्या. "आज सकाळी गाडीत बसून मी तयार केला."

शिक्षकखोली हसून आडवी झाली. भगत हसला नाही. त्याने तांदूळ गोळा केले, फडक्यात बांधले आणि दारातून वळून बाईंकडे पाहिलं. "बाय, तुमी रिकाम्या जागेला नाव देता," तो म्हणाला. "नाव दिलं की कोन ना कोन येऊन बसतं."

त्यावर बाई नेहमीसारखं काही बोलतील असं वाटलं. त्यांनी बबनची चिठ्ठी उचलून पिशवीत टाकली.

वजनांची पेटी आठवड्याने सुताराकडे सापडली. दुरुस्तीला मीच पाठवली होती, माझ्या सहीची चिठ्ठी आत होती. पुढे वर्षभर मी शिक्षकखोलीत शिरलो की कोणीतरी म्हणायचं, "बबनराव आले." बाई कधी म्हणाल्या नाहीत, हेही मला लागायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर मुख्याध्यापकांची जागा रिकामी होणार होती. बाई माझ्याहून सेवाज्येष्ठ. मी जे केलं ते पदासाठी केलं असं वाचणाऱ्याला वाटेल. खरं कारण त्याहून लहान आहे. या बाईला एकदा "चुकले" म्हणताना मला ऐकायचं होतं.

भाद्रपद संपत आला होता, नदी भरून चालली होती. बाईंचा पपईचा तास पाहायला तालुक्याहून साहेब यायचे होते. साडेदहाला बाई मासळीवालीकडून बर्फ घ्यायला शाळेच्या फाटकाकडे गेल्या तेव्हा मी प्रयोगशाळेत शिरलो. टेबलावर गाळलेल्या पपईचं चंचुपात्र, त्यावर बशी. शेजारी स्टँड. सगळ्या नळ्या रिकाम्या, फक्त दोन भरलेल्या, स्वच्छ पाण्याच्या. म्हणजे दोन मुलं गैरहजर. एक नळी मधे होती आणि एक दाराकडच्या टोकाला. टोकाची हाताशी आली. ड्रॉपरने चंचुपात्रातलं केशरी पाणी घेतलं आणि तिच्यात दोन थेंब सोडले. आणखी सोडणार होतो, पण जिन्यात काशिनाथच्या किल्ल्या वाजल्या. ड्रॉपर ठेवला आणि बाहेर आलो. नंबर पाहिला नाही. बोटांना पपईचा वास येत राहिला.

तास चालू असताना मी साहेबांबरोबर मागच्या भिंतीशी उभा होतो. स्टँड बाईंच्या पाठीआड. मुलांच्या नळ्यांत तार उठली, साहेब खूश झाले. मग बाईंनी कोऱ्या नळ्या घेतल्या.

"नऊ. सना." थांबल्या. "गैरहजर."

दुसऱ्या मुलाचं नाव मला आता आठवत नाही. तो वडखळला मामाकडे श्राद्धाला गेला होता.

मिनिटभराने पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, कोरीत आलं."

"कोणाच्या?"

"सनाच्या."

मला वाटलं, माझे दोन थेंब. बाईंनी ती नळी खिडकीच्या उजेडात धरली. मागूनही दिसत होतं. बाकीच्या नळ्यांत गुंता होता, हिच्यात एकच तंतू, लांब, सरळ, तळापासून वरपर्यंत. बाई खूप वेळ पाहत राहिल्या. मग साहेबांना म्हणाल्या, "आजचा प्रयोग बाद. सगळ्या नळ्यांचा."

"अहो बाई, बाकीच्यांचं किती छान आलंय," साहेब म्हणाले.

"कोरीत का आलं ते कळेपर्यंत, बाकीच्यांचं कशाचं आलं ते मला सांगता येणार नाही."

"चुकले" असं त्या म्हणाल्या नाहीत. मी कचेरीत गेलो, तासाचं लॉगबुक उघडलं आणि पर्यवेक्षक म्हणून शेरा लिहिला: 'कोरी नळी अस्वच्छ. पूर्वतयारीत हयगय.' मधल्या सुट्टीत बाईंनी तो वाचला आणि खाली सही केली.

एक वाजता निरोप आला. कोलाडच्या अंगाच्या एका गावातून सना सकाळी शाळेला निघाली होती, नदीकाठच्या वाटेने. दप्तर लव्हाळ्यात अडकलेलं सापडलं. सना सापडली नाही. होड्या खाडीपर्यंत जाऊन आल्या, आठ दिवस गेले. तिचा बाप कुवेतहून आला आणि कबर न खणता परत गेला.

सनाच्या नळीत काय आलं ते मुलांनी घरोघर सांगितलंच होतं. दोन आठवड्यांनी सनाची आई फरीदा शाळेत आली. मी प्रयोगशाळेच्या दारात होतो.

"बाई, माजी सना दावा," ती म्हणाली.

"फरीदा, ती सना आहे असं मी म्हणत नाही."

"मंग काय हाय?"

"माहीत नाही."

"पपई हाय?"

"असेल. सिद्ध झालेलं नाही."

"तुमी बाई हाव न तुमाला माहीत नाय?"

"नाही."

फरीदाने कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बगू तरी द्या."

बाईंनी कपाटातून नळी काढली. बूच घट्ट बसवलेलं होतं. फरीदाने ती हातात घेतली नाही. दोन्ही हात ओढणीत गुंडाळून ती वाकली आणि नळीच्या अगदी जवळ तोंड नेऊन हळूच म्हणाली, "गो सना, डबा खाल्लास काय?"

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. नळीतला तंतू मीच आणला अशी माझी खात्री होती. पण मी मनाशी म्हटलं, आता सांगितलं तर हिची मुलगी दुसऱ्यांदा बुडेल. ही सबब मला फार सोयीची पडली. बारा वर्षं पुरली.

फरीदा दर शुक्रवारी येऊ लागली. इकडे बाईंनी हजेरीत नऊ नंबर चालू ठेवला. रोज नाव घ्यायच्या, थांबायच्या, "गैरहजर" म्हणायच्या. मुली घाबरायला लागल्या. थांबलेल्या वेळात बाकावर कोणी सरकून जागा केल्यासारखा आवाज येतो, असं एकीने घरी सांगितलं. पालक आले, संस्थेचे चेअरमन आले. "मेलेल्या पोरीची हजेरी घेता?" चेअरमननी विचारलं.

"मृत्यूचा दाखला आलेला नाही," बाई म्हणाल्या. "गैरहजर आहे एवढंच मला माहीत आहे."

"मग एक करा. 'ती नळी माझ्या हलगर्जीपणामुळे बिघडली' असं लिहून द्या आणि बेसिनमध्ये ओता. विषय संपला."

"चूक कुठे झाली ते सापडलं की त्याच दिवशी लिहून देईन."

चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. "वैद्य सर, तुम्ही हजर होतात. काय म्हणता?"

मी म्हटलं, "लॉगबुकात शेरा आहे."

लोक तोपर्यंत दोन्ही बाजूंनी बोलायला लागले होते, करणी म्हणणारे आणि नाटक म्हणणारे. बाईंनी दिवाळीच्या आधी राजीनामा दिला. स्टँड त्यांच्या स्वतःच्या खर्चाचं होतं, ते नेलं, आणि ती नळी नेली. फरीदा तेव्हापासून शुक्रवारी दुपारच्या गाडीने पेणला जाऊ लागली. त्या वर्षाच्या शेवटी मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर मी बसलो.

गेल्या वर्षी श्रावणात मी बाईंना फोन केला. म्हटलं, त्या प्रयोगाबद्दल सांगायचं आहे. मग त्या म्हणाल्या, "शुक्रवारी या. तीही असते."

पेणमधलं त्यांचं घर मूर्तींच्या कारखान्यांच्या गल्लीत. दोन्ही बाजूंना पांढऱ्या मूर्ती वाळत ठेवलेल्या, डोळ्यांची आखणी अजून व्हायची होती. त्या रांगांमधून चालताना मान खाली घालावीशी वाटली.

बाई सुकल्या होत्या, पण ताठ होत्या. चहा दिला. फरीदा अजून यायची होती. मी पाठ करून आणलेली वाक्यं मोडत मोडत सांगितली. त्या रागावल्या नाहीत. फक्त विचारत गेल्या.

"पपई कुठली?"

"तुमचीच. चंचुपात्रातली."

"थेंब किती?"

"दोन."

"नक्की टाकलेत, की टाकायचं ठरवलं होतंत?"

"टाकले. बोटांना वास येत होता."

"कोणत्या नळीत?"

"दाराकडच्या. टोकाच्या."

बाई उठल्या. मागच्या खोलीतून वही आणली. त्या दिवसाच्या पानावर स्टँडची आकृती होती, छत्तीस वर्तुळं दोन ओळींत, एकीकडे 'दार', एकीकडे 'खिडकी'. "बोट ठेवा," त्या म्हणाल्या. मी शेवटच्या वर्तुळावर ठेवलं.

"हा छत्तीस," बाई म्हणाल्या. "सना नऊ."

नऊ पहिल्या ओळीच्या मधोमध होता.

"स्टँड उलटं ठेवलं गेलं असेल," मी म्हटलं.

"उलटं ठेवलं तरी नऊ मधेच राहतो. टोकाला जात नाही."

"मग छत्तीसमध्ये काय आलं होतं?"

"काही नाही. संध्याकाळच्या गाडीपर्यंत पाहत बसले होते. पाणी ते पाणीच." त्यांनी पान उलटलं. "आणि दोन थेंबांनी काही दिसत नाही, सर. ड्रॉपर चुकून फिरला असेल म्हणून मी त्याच आठवड्यात करून पाहिलं. दोन थेंब, पाच, दहा. दहापर्यंत नळी स्वच्छ. तुम्ही टाकलेत ते खरं असेल. त्याने झालं काही नाही."

"मग नऊमध्ये?"

बाईंनी वही मिटली. हात वहीवर तसाच ठेवला. "तेच मला तुमच्याकडून ऐकायचं होतं," त्या म्हणाल्या. "तुमचा फोन आल्यापासून धड जेवले नाही. वाटलं, सापडली चूक. बारा वर्षांनी कोणीतरी सांगायला येतंय."

मी त्या बाईचं नाव घालवलं, जागा घेतली, ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं होतं. पण माझी चूकसुद्धा त्यांच्या कामाची निघाली नाही, हे कळल्यावरचा त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

फरीदा आली. केस पांढरे झाले होते. बाई म्हणाल्या, "वैद्य सरांना तुला काही सांगायचंय. बसून ऐक." मी पुन्हा सगळं सांगितलं, फरीदा माझ्या तोंडाकडे पाहत होती. मला वाटलं, आता शिव्या देईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तुमी कंच्या नलीत टाकलात?" तिने विचारलं.

"छत्तीस."

"न माजी नऊ."

"हो."

ती बाईंकडे वळली. "मंग तर सनाच," ती म्हणाली. इतकी वर्षं तिच्याही मनात शंका होती हे मला तेव्हा कळलं. ती मी काढून टाकली होती.

"मी तसं म्हणणार नाही, फरीदा," बाई म्हणाल्या.

"तुमी नका म्हनू. तुमचं बरोबर हाय. मी म्हनते."

शाळेला द्यायचं पत्र मी लिहून नेलं होतं. बाईंनी चष्मा लावला आणि पेन मागितलं. 'माझ्या कृत्यामुळे कोऱ्या नळीत तंतू आला' हे वाक्य त्यांनी खोडलं. वर लिहिलं, 'मी छत्तीस क्रमांकाच्या नळीत दोन थेंब टाकले. लॉगबुकातला शेरा मला खरं माहीत असताना लिहिला.'

"पण सगळं माझ्यामुळे झालं," मी म्हटलं.

"सगळं घेऊ नका. केलंत तेवढंच लिहा. बाकीचं तुमचं नाही."

मी सही केली. ते पत्र शाळेने फाईलला लावलं. ती फाईल कोणी उघडलेली नाही, म्हणून हे इथे पुन्हा लिहिलं. म्हात्रे बाईंनी नाटक केलं नाही. जीवही धरला नाही. त्यांना जे माहीत नव्हतं ते माहीत नाही असं त्यांनी सांगितलं, आणि त्यासाठी त्यांची नोकरी गेली. नऊ नंबरात काय आलं ते मलाही माहीत नाही.

मी निघालो तेव्हा बाई मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. आत खिडकीत स्टँड होतं. पस्तीस भोकं रिकामी, एका नळीत तो तंतू, उभा. फरीदा स्टुलावर बसून तिच्याशी हलक्या आवाजात बोलत होती, धाकट्याच्या परीक्षेचं, कौलं बदलल्याचं. मधेच ती थांबायची, कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी, आणि हसून पुढे बोलायला लागायची. मी पाहतोय हे बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी हात वर करून पंखा बंद केला आणि आवाज होऊ न देता दार लोटून घेतलं.